आवडत्या ध्वनिमुद्रिका व त्यांचें श्रवण

गाणें ही मोठी नाशवंत वस्तु आहे. चित्रकाराचें चित्र त्याच्या मागें राहतें, कवीची कविता ग्रंथांत राहते, शिल्पकाराची मूर्ति तर शेंकडों वर्षें ऊन-पाऊस सोसते. परंतु गवयाचा सूर ओठांबाहेर पडला कीं हवेंत विरून जातो. जे श्रोते त्या वेळीं समोर बसले असतील त्यांच्या कानांत तो कांहीं काळ घुमेल, आणि त्यांच्याबरोबरच तो नाहींसा होईल. तानसेनाविषयींच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. पण त्याचा एक षड्जहि आज आपणांस ऐकावयास मिळत नाहीं. ही स्थिति ज्या साधनानें पालटली त्या ध्वनिमुद्रिकेविषयीं, आणि ती कशी ऐकावी याविषयीं, चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

विद्यार्थिमित्रांस हा विषय कदाचित् जुनाट वाटेल. खिशांतील यंत्रावर बोट ठेवतांच हवें तें गाणें ऐकूं येतें, मग काळ्या तबकड्यांची कथा कशास, असें कोणी विचारील. या प्रश्नाचें उत्तर लेखाच्या ओघांत आपोआप मिळेल, अशी आशा आहे.

प्रथम तबकडीची रचना पाहूं. एडिसन यानें १८७७ सालीं आवाज सांठवून पुन्हां ऐकविणारें यंत्र केलें. त्यांत सपाट तबकडी नसून नळकांडें असे. पुढें दहा वर्षांनीं बर्लिनर यानें सपाट तबकडीची युक्ति काढली. तबकडीवर कडेपासून मध्याकडे जाणारी एकच एक नागमोडी खांच असते. यंत्रास किल्ली दिली कीं तबकडी मिनिटास सुमारें ७८ फेरे घेते, पोलादी सुई त्या खांचेच्या वळणांबरोबर थरथरते, ती थरथर एका पातळ पडद्यास पोंचते, आणि पडद्याचा आवाज कर्ण्यांतून मोठा होऊन बाहेर पडतो. या तबकड्या मुख्यतः लाख व दगडाची पूड यांच्या मिश्रणाच्या असत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात, व जगास लाख पुरविणारा मुख्य देश हिंदुस्थानच होता. तेव्हां परदेशांत मुद्रित झालेल्या कित्येक गाण्यांतहि आपल्या रानांतील पळसाचा अंश असे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१९०२ सालच्या नोव्हेंबरांत गैसबर्ग नांवाचा तज्ज्ञ कलकत्त्यास आला व त्यानें गोहरजान या प्रसिद्ध गायिकेचें गाणें मुद्रित केलें. गाणें संपतांच ती इंग्रजींत स्वतःचें नांव उच्चारते. तबकड्या तेव्हां जर्मनींतील हॅनोवर शहरीं तयार होत, आणि तेथील कारागिरांस गाणें कोणाचें तें कळावें म्हणून ही योजना होती, असें सांगतात. १९०८ सालीं कलकत्त्याजवळ सियालदा येथें कारखाना निघाला, आणि मग तबकड्या येथेंच तयार होऊं लागल्या. १९२५ पर्यंत गवयास कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें लागे. त्या वर्षीं विजेच्या साहाय्यानें मुद्रण सुरू झालें, आणि हळुवार सूरहि तबकडीवर उमटूं लागले.

परंतु एक अडचण शिल्लक राहिली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर अवघें तीन-सवातीन मिनिटांचें गाणें मावे. ज्या गवयास एक राग मांडावयास तासभर लागतो त्यानें तीन मिनिटांत काय करावें? कित्येक थोर गवयांनीं या कामास प्रथम नकार दिला, तो उगीच नव्हे. परंतु ज्यांनीं हें बंधन स्वीकारलें त्यांनीं त्यांतून एक नवी कला निर्माण केली. पाल्हाळ गळाला, रागाचें मुखमंडल तेवढें राहिलें. मोठें पत्र लिहिणारा मनुष्य तार करावयास बसला म्हणजे जसा प्रत्येक शब्द तोलतो, तसा गवई प्रत्येक स्वर तोलूं लागला.

याचें उत्तम उदाहरण पहावयास आम्हां नाशिककरांस दूर जाणें नको. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, हें सर्वश्रुत आहे. उत्तर आयुष्यांत त्यांनीं नाशिक येथें रामनामाधार आश्रम काढला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय यांचा जन्म १९२१ सालीं येथलाच. १९३१ सालीं वडील वारले तेव्हां हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. पुढें विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनीं त्यास शिकविलें. चौदाव्या वर्षीं जालंदर येथील हरवल्लभ संमेलनांत तो गायला. आणि १९४४ सालीं त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. “बैजू बावरा” या १९५२ च्या चित्रपटांत बैजूच्या तोंडचें देसी रागांतील गाणें त्याचेंच आहे. तानसेनाच्या बाजूस उस्ताद अमीरखां गातात. १९५५ सालीं शिष्टमंडळाबरोबर चीन देशास जाऊन आल्यावर त्याच वर्षाच्या आक्टोबरांत, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, मेंदूच्या ज्वरानें त्याचा अंत झाला.

येथें एक घरगुती गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लहानपणीं पंचवटींतील आमच्या वाड्यांत आजोबांचें किल्लीचें यंत्र होतें. दर रविवारीं दिवेलागणीनंतर ओसरीवर सतरंजी पडे आणि आळींतील पांच-सात मंडळी जमे. आजोबांचा एक नियम असे: प्रत्येकानें आपली आवडती एकच तबकडी मागावी, मात्र ती कां आवडते हें आधीं सांगावें. “चांगली आहे” एवढें उत्तर चालत नसे. शिंपीकाम करणारे एक काका दर वेळीं हिराबाई बडोदेकरांचें गाणें मागत व म्हणत, “हिचा सूर सुईंत दोरा ओंवावा तसा नेमका जातो.” हें ऐकल्यापासून मी हिराबाईंचा प्रत्येक सूर निराळ्या कानानें ऐकूं लागलों.

एके दिवशीं कोणी घरांत नाहीं असें पाहून मीं स्वतःच यंत्र लावावयास घेतलें, आणि दत्तात्रेय पलुसकरांचें तुलसीदासकृत भजन, ज्यांत बाळ रामचंद्राच्या दुडक्या चालीचें वर्णन आहे तें, माझ्या हातून फरशीवर पडलें. तबकडीचे चार तुकडे झाले. आजोबा मजवर रागावले नाहींत. त्यांनीं तुकडे जुळवून मधला कागद वाचला आणि ते एवढेंच म्हणाले, “बाळ, हा आतां पुन्हां गावयास यावयाचा नाहीं.” त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनीं कळला. गवई तरुणपणीं गेला होता. त्याच्या ज्या थोड्या मिनिटांवर आमच्या वाड्याची मालकी होती त्यांतील तीन मिनिटें मीं फोडलीं होतीं. त्या भजनाची दुसरी प्रत पुढें मिळाली, परंतु तो प्रसंग कायमचा मनांत राहिला.

एका तबकडीनें मनुष्याच्या आयुष्यास वळण लागल्याचींहि उदाहरणें आहेत. मिरजेस राहिलेले अब्दुल करीमखां १९३७ सालीं प्रवासांत असतां मद्रासजवळ वारले. त्यांची झिंझोटी रागांतील ठुमरी गदग येथील एका मुलानें लहानपणीं ऐकली, आणि असें गाणें आपणांस आलेंच पाहिजे या ध्यासानें तो गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. आपल्या गांवीं ती तबकडी वाजली नसती तर त्यांच्या गाण्याचा ओघ कोणत्या दिशेस गेला असता कोण जाणे!

हा अनुभव केवळ आपल्याच देशाचा नव्हे. अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत जन्मलेल्या बिल मन्रो (१९११–१९९६) या मँडोलिनवादकानें डोंगराळ भागांतील जुन्या गाण्यांतून एक नवें तंतुवाद्यांचें संगीत घडविलें. त्यास त्या प्रांतांतील गवताच्या नांवावरून ब्लूग्रास म्हणतात. १९४५ सालीं त्याच्या मेळांत अर्ल स्क्रग्ज हा तरुण सामील झाला. तो तीन बोटांनीं बँजो इतक्या चपळाईनें वाजवी कीं ऐकणारास बोटें मोजतां येत ना. मग खेड्यापाड्यांतील मुलांनीं काय करावें? पुढें मंदगतीच्या तबकड्या निघाल्यावर ते यंत्राची गती निम्मी करीत. त्यामुळें सूर एक सप्तक खालीं येई, पण प्रत्येक आघात निराळा ऐकूं येई. शेजारीं गुरु नसतां तबकडीस गुरु करून असे कित्येक वादक तयार झाले. एकलव्याची गोष्ट आम्ही मुलांस सांगतों. हे त्याचेच भाऊबंद होत.

आणि तबकडीचा सर्वांत दूरचा प्रवास तर आपल्याच एका गायिकेच्या नशिबीं आला. गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या, अल्लादियाखांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर या दोन अंतराळयानांवरील सोनेरी मुलाम्याच्या तांब्याच्या तबकडीवर घेतली गेली. पृथ्वीवरील सत्तावीस संगीतरचनांत ती एक आहे. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत केसरबाई निवर्तल्या. त्यांचा सूर मात्र सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेला आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. आज गाणीं अगणित मिळतात. उणीव आहे ती ऐकण्याची. एक गाणें पुरतें संपण्याआधींच दुसरें लावलें जातें, आणि तेंहि बहुधा एकट्यानें, कानांत बोळे घालून. जुन्या यंत्राच्या गैरसोयींनीं नकळत उत्तम शिस्त लाविली होती. दर तीन मिनिटांनीं उठून तबकडी उलटावी लागे, सुई बदलावी लागे, किल्ली द्यावी लागे. तेवढ्या विसाव्यांत ऐकलेल्यावर बोलणें होई. यासाठीं माझी सूचना अशी आहे: चार मित्रांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र बसावें. प्रत्येकानें एकच गाणें निवडावें, गवयाचें नांव, राग व साल सांगावें, तें कां आवडतें याचें कारण द्यावें, आणि गाणें संपेपर्यंत कोणी बोलूं नये. मग तेंच पुन्हां लावावें. दुसऱ्या वेळीं जें ऐकूं येईल तें पहिल्या वेळीं ऐकूं आलें नव्हतें, असा प्रत्येकास अनुभव येईल. आवड म्हणजे काय हें मनुष्यास ती दुसऱ्यास समजावून सांगतांनाच कळतें.

दुसरी सूचना अधिक तांतडीची आहे. नाशिकच्या कित्येक जुन्या घरांत माळ्यावर अशा तबकड्या धूळ खात पडल्या असतील. त्या निरुपयोगी समजून भंगारांत देऊं नयेत. त्या उभ्या ठेवाव्या, उन्हापासून जपाव्या, मऊ कोरड्या फडक्यानें पुसाव्या व त्यांवरील मजकूर वहींत उतरून घ्यावा. मुंबईस १९९० सालीं स्थापन झालेल्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेनें असे संग्रह जपण्याचें व मंडळींनीं एकत्र जमून तबकड्या ऐकण्याचें कार्य आरंभिलें. कदाचित् तुमच्या माळ्यावरील तबकडी दुसऱ्या कोणाजवळ नसेल!

आणि घरांत कोणी वृद्ध मनुष्य असेल तर तबकडी त्याच्या शेजारीं बसून ऐकावी. ती कोणी आणली, कोणत्या प्रसंगीं वाजली, कोणाचे डोळे तेव्हां भरून आले, हें त्या काळ्या खांचेंत कोठेंच लिहिलेलें नसतें. तें त्या वृद्धाच्याच स्मृतींत असतें, आणि त्या स्मृतीची दुसरी प्रत बाजारांत मिळत नाहीं.