किक कुठे गेली?

मोटरसायकल सुरू करायला किक लागते आणि गिअर बदलायला गिअरचा लिव्हर. म्हणजे लिव्हर किती? दोन! असंच म्हणालात ना? मग जुनी जावा तुम्हाला चकवणार.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९६१ साली म्हैसूरला तिचा कारखाना निघाला आणि पुढे ती 'येझदी' नावाने आपल्या रस्त्यांवर धावली. तिच्या उजव्या बाजूला किक शोधाल, तर सापडायची नाही. डावीकडे गिअरचा लिव्हर दिसेल, तीच किक! तो आत दाबायचा, वर-मागे फिरवून उभा करायचा आणि मारायची लाथ. आत दाबला की त्याचं गिअरशी असलेलं नातं सुटतं आणि तो किकला जोडला जातो. इंजिन फुरफुरलं की पायानेच पुन्हा पुढे आणायचा. झाला गिअरचा लिव्हर!

आणखी गंमत म्हणजे, चालत्या गाडीत गिअर बदलताना हाताने क्लच दाबावाच लागत नाही. पायाने लिव्हर हलवला की आतली यंत्रणा आधी क्लच सोडवते, मग गिअर बदलते. हाताचा क्लच आहे, पण तो मुख्यतः जागेवरून निघताना लागतो. त्या काळात ही चैनच होती!

आता मागून बघा. सायलेन्सर दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. मग सिलिंडरही दोन असतील? छे, एकच! त्या एका सिलिंडरला धूर बाहेर पडायला दोन वाटा ठेवल्या आहेत, प्रत्येक वाटेला आपापला पाइप. (रुबाब वाढतो तो वेगळाच.)

धूर निळसर का, तर पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. हे इंजिन टू-स्ट्रोक. पिस्टन वर गेला की त्याच्या खालच्या बंद खोलीत हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण ओढलं जातं, खाली आला की तेच मिश्रण दाबून सिलिंडरमध्ये ढकललं जातं. पिस्टन म्हणजे जणू सायकलचा पंपच. मिश्रणाची ये-जा चालू असलेल्या त्या खोलीत ऑइल साठवून ठेवणार कसं? म्हणून ते पेट्रोलबरोबरच आत पाठवायचं. जाता जाता ते भागांना वंगण देतं आणि शेवटी जळून जातं.

बुलेट या मोटरसायकलचं इंजिन मात्र फोर-स्ट्रोक. त्यात दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटतं, जावात प्रत्येक फेरीला. दोन्ही इंजिनं मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असतील, तर बुलेटमध्ये सेकंदाला २५ भडके होतात आणि जावात ५०! म्हणून बुलेटचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात, जावाचे एकमेकांना चिकटतात. डोळे मिटूनही ओळखता येईल, कोणती गाडी आली ते.