सुट्या भागांचा मुलूख

ऑक्टोबर १९८० मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातला एमजीचा कारखाना बंद झाला. तोवर पन्नास वर्षं तिथून दोन आसनी, उघड्या टपाच्या गाड्या जगभर गेल्या होत्या. एकट्या एमजीबी या मॉडेलचीच संख्या पाच लाखांवर होती. कारखान्याला टाळं लागलं की काही वर्षांत सुटे भाग संपतात आणि गाडी भंगारात जाते, हा नेहमीचा क्रम. या गाड्यांच्या बाबतीत तो चुकला. का चुकला, हे इंग्लंडमध्ये भाग शोधत फिरताना उलगडत गेलं.

शोध होता पुण्यातल्या एका स्नेह्यांच्या एमजी टीसीसाठी. उंच, तारांची चाकं, ॲश लाकडाच्या सांगाड्यावर चढवलेला पत्रा आणि १,२५० सीसीचं इंजिन. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार टीसी बनल्या. सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या, तरी अमेरिकेनं त्या उचलून धरल्या. लॉस एंजेलिसमध्ये ॲल मॉस यांनी १९४८ साली अशाच गाड्यांच्या दुरुस्तीचं गॅरेज काढलं. मॉस मोटर्स आज ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या भागांची मोठी पेढी आहे.

भाग शोधणाऱ्यांची पंढरी मात्र हॅम्पशायरमधलं ब्यूली. लॉर्ड माँटेग्यू यांनी १९६७ साली आपल्या मोटर संग्रहालयाच्या आवारात जुन्या भागांचा बाजार सुरू केला. तो आता दर सप्टेंबरला भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी फिरलेल्या माणसाला इथं परकं वाटत नाही. ताडपत्रीवर मांडलेले हेडलाइट, गंजलेले गिअरबॉक्स, डब्यांत भरलेले नट-बोल्ट. फरक एवढाच, की इथं विक्रेता भाग हातात देण्याआधी इंजिन नंबर विचारतो.

त्या प्रश्नाचं मोल कळलं ते एका बोल्टमुळे. टीसीच्या इंजिनाचा आठ मिलिमीटरचा बोल्ट घ्या. आजच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या आठच्या बोल्टला दोन आट्यांमध्ये सव्वा मिलिमीटर अंतर असतं, या बोल्टला एकच मिलिमीटर. नवा बोल्ट दोन फेऱ्या बसतो, मग अडतो. जोर लावला तर भोकाचे आटे कायमचे जातात. वर डोकं मात्र इंची, व्हिटवर्थ पान्याचं. कारण असं, की हे इंजिन बनवणारा कॉव्हेंट्रीचा कारखाना मूळचा हॉचकिस या फ्रेंच शस्त्र कंपनीचा. १९२३ साली मोटर उत्पादक विल्यम मॉरिस यांनी तो घेतला, पण यंत्रं फ्रेंच मापाची राहिली. इंग्लंडमधल्या गॅरेजांत मात्र १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी घालून दिलेल्या प्रमाणाचेच पाने होते. म्हणून आटे फ्रेंच, डोकं इंग्लिश! असा बोल्ट आजही नव्यानं बनवून मिळतो, कारण ही मापं कुणीतरी लिहून ठेवली.

कार्ब्युरेटरचीही हीच गोष्ट. टीसीवर एसयूची जोडी असते. हवेच्या ओढीनं आतला दट्ट्या उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि हवेच्या बेतानं पेट्रोल सुटतं. सुई जेटला घासत राहिली की जेटचं गोल तोंड अंडाकृती होतं. थ्रॉटलचा दांडा झिजला की बाजूनं हवा शिरते आणि मग कितीही ट्युनिंग केलं तरी गाडी आयडलला थरथरते. सॉल्सबरीच्या बर्लेन कंपनीनं १९९६ मध्ये एसयूचे हक्क घेतले. त्यामुळे सुई, जेट, दांडा हे सगळं नवं मिळतं.

सगळ्यात मोठं काम पत्र्याचं. १९७५ साली एमजीची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँड हिनं ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था काढली. तिनं एमजीबीच्या मूळ डाय शोधून गोळा केल्या आणि १९८८ पासून अख्खी बॉडी पुन्हा बनवायला सुरुवात केली. म्हणजे कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी नवी कोरी एमजीबीची बॉडी विकत मिळू लागली! शिवाय गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये उत्पादनाच्या नोंदवह्या आहेत. नंबर कळवला की मूळ रंग, इंजिन आणि गाडी कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख दाखल्यावर मिळते.

या ब्रिटिश गाड्यांच्या घराण्याशी आपलं नातं जवळचं आहे. सुरुवातीच्या एमजीएमधलं १,४८९ सीसीचं इंजिन आणि आपल्या ॲम्बॅसडरचं जुनं पेट्रोल इंजिन एकाच बी-सीरिज कुळातलं. मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनलेल्या ट्रायम्फ हेरल्डचीच चासी आखूड करून ट्रायम्फनं स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार उभी केली होती. ॲम्बॅसडर आणि हेरल्ड आपल्याकडे हजारोंनी धावल्या, आपल्या मेकॅनिकांनी त्या डोळे झाकून खोलल्या आणि जोडल्या.

पण ते ज्ञान बहुतेक हातातच राहिलं, कागदावर आलं नाही. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीनं मुंबईच्या टॅक्सीचं रूप घडवलं. तिच्या डाय, तिची ड्रॉइंग्ज, ती वर्षानुवर्षं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचे ठोकताळे यांचं मोल मला एखाद्या किल्ल्याच्या शिलालेखाइतकंच वाटतं. संग्रहालयात एक चकचकीत गाडी उभी केली म्हणजे वारसा जपला, असं होत नाही. तिचा प्रत्येक भाग पुन्हा घडवता येईल इतकी माहिती राखली, तरच ती गाडी जिवंत राहते. आपले जुने मिस्त्री अजून गॅरेजात उभे आहेत. त्यांच्याजवळ वही आणि व्हर्नियर घेऊन बसायचं काम आजच हाती घ्यायला हवं.