संकेतस्थळावर आलेला ग्राहक माघारी का जातो?

पेरणीपूर्वी सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याची रीत आता पुष्कळ गावांत रुजली आहे. शंभर दाणे मोजून घ्यावयाचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून त्याची गुंडाळी करावयाची आणि ठरावीक दिवसांनी किती दाण्यांना निकोप कोंब आले ते पाहावयाचे. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरण्यास योग्य समजतात. कमी उगवले तर शेतकरी बियाण्याचे प्रमाण वाढवितो किंवा बियाणे बदलतो. न तपासता पेरणारा मात्र पावसाला दोष देत बसतो.

हीच परीक्षा मालाच्या विक्रीलाही लावता येते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. आज अनेक बागायतदार, महिला बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी स्वतःची संकेतस्थळे उघडली आहेत. 2016 साली राज्यात फळे व भाजीपाला यांची बाजार आवाराबाहेरील विक्री नियमनातून मुक्त झाल्यापासून थेट ग्राहकाला माल देण्याची वाट मोकळी झाली. संकेतस्थळ तयार करण्यास खर्च होतो, जाहिरातीस खर्च होतो, लोक येऊन पाहूनही जातात. परंतु मागणी नोंदविणारे मोजकेच निघतात. मग “आपल्या मालाला ऑनलाइन गिऱ्हाईक नाही” असा निष्कर्ष काढला जातो. तो बहुधा चुकीचा असतो. गिऱ्हाईक दारापर्यंत आलेले असते. ते दारातून माघारी गेलेले असते.

कोकणातील हापूस आंब्याचे उदाहरण घेऊ. येथे चुकीची किंमत लगेच मोजावी लागते, कारण फळ कोणासाठी थांबत नाही. झाडावरून तयार फळ उतरविले की साधारण आठ ते बारा दिवसांत ते पिकते. तेवढ्या अवधीत ग्राहक मिळाला नाही, तर ती पेटी त्या दिवशी बाजारात मिळेल त्या भावाने द्यावी लागते. वर्षभराच्या मोहोराच्या, फवारणीच्या व राखणीच्या श्रमांचे मोल त्या एका दिवसावर ठरते.

प्रथम मोजणी करा

संकेतस्थळास किती लोकांनी भेट दिली, त्यांनी कोणते पान पाहिले आणि ते कोठून परत गेले, याची नोंद ठेवणारी साधने विनामूल्य मिळतात. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याकडून ती बसवून घ्यावीत व आठवड्यातून एकदा आकडे वहीत उतरवावेत.

समजा, एका बागायतदाराच्या संकेतस्थळावर महिन्यात 1000 लोक आले. त्यांपैकी 450 जणांनी पेटीचा भाव पाहिला. 90 जणांनी मागणीचा अर्ज उघडला. प्रत्यक्ष पैसे भरले ते 12 जणांनी. जाहिरातीचा खर्च 6000 रुपये झाला असेल, तर एका मागणीमागे 500 रुपये पडले. हा हिशेब पाहून पुष्कळजण जाहिरात वाढवितात. ती चूक होय. पाटाला जागोजागी भगदाडे पडलेली असताना मोटार अधिक तास चालविल्याने पिकाला पाणी पोचत नाही. आधी भगदाडे बुजवावी लागतात.

वरील आकड्यांत 90 जणांनी अर्ज उघडला होता. त्यांना माल हवा होता आणि भावही मान्य होता. तरी त्यांपैकी 78 जण अगदी शेवटच्या पायरीवरून परतले. दुरुस्तीस आरंभ येथूनच करावा. या 90 जणांपैकी 24 जणांनी जरी मागणी पुरी केली, तरी एकही नवा पाहुणा न आणता विक्री दुप्पट होते आणि मागणीमागील जाहिरातीचा खर्च 500 वरून 250 रुपयांवर येतो.

अनेक ग्राहक संकेतस्थळ पाहून दूरध्वनीवरून मागणी करतात, हेही विसरू नये. फोन येताच “आमचे नाव कोठून कळले?” असे विचारून वहीत खूण करावी. नाहीतर संकेतस्थळाने आणून दिलेले ग्राहक मोजणीतून सुटतात.

ग्राहक का परततो?

पहिले कारण असते पान उघडण्यास लागणारा वेळ. बागेची मोठमोठी छायाचित्रे कॅमेऱ्यातून निघाली तशीच चढविली, तर मोबाइलवर पान उघडण्यास विलंब लागतो आणि ग्राहक तेवढा वेळ थांबत नाही. छायाचित्रांचा आकार कमी करून घ्यावा. परीक्षा कार्यालयातील संगणकावर न घेता, साध्या मोबाइलवर, जेथे रेंज अपुरी आहे अशा जागी उभे राहून घ्यावी.

दुसरे कारण अपुऱ्या माहितीचे आहे. शहरातील ग्राहकाच्या मनात ठरावीक प्रश्न असतात. पेटीत फळे किती? एका फळाचे वजन साधारण किती? आंबा कच्चा येणार की पिकलेला? तो कशाने पिकविला? माझ्या गावी येणार का, आणि किती दिवसांत? एखादे फळ खराब निघाले तर काय? या प्रश्नांची उत्तरे ज्या पानावर भाव आहे त्याच पानावर, साध्या मराठीत असावीत. ग्राहक अन्य भाषिक असतील तर हिंदी व इंग्रजीतही द्यावीत. फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने मनाई आहे. आपण आंबा गवताच्या आढीत पिकवीत असाल, तर तसे स्पष्ट लिहावे आणि आढीचे छायाचित्र द्यावे. हापूसमध्ये कधी कधी साका निघतो व तो बाहेरून ओळखता येत नाही, हेही लपवू नये. “असे फळ निघाल्यास कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवा, त्याची भरपाई करू” एवढे एक वाक्य ग्राहकाच्या मनातील भीती दूर करते. मात्र लिहिलेले वचन पाळले पाहिजे.

तिसरे कारण विश्वासाचे होय, आणि तेच सर्वांत मोठे आहे. अन्य प्रांतांतील आंबा हापूस म्हणून विकला जातो, हे ग्राहक जाणून असतो. त्यामुळे खऱ्या बागायतदाराकडेही तो संशयाने पाहतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि केवळ या जिल्ह्यांत बाग असल्याने ते चिन्ह वापरता येत नाही. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती करून प्रमाणपत्र संकेतस्थळावर दाखवावे. कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, मंगळवेढ्याची ज्वारी, घोलवडचा चिकू यांनाही मानांकन लाभले आहे, आणि त्यांच्या उत्पादकांनाही हाच नियम लागू आहे. याखेरीज गाव व तालुका, बागायतदाराचे नाव, चालू असलेला दूरध्वनी क्रमांक आणि आपल्याच बागेची छायाचित्रे असावीत. दुसरीकडून उचललेले गुळगुळीत छायाचित्र ग्राहक ओळखतो. गूळ, पापड, लोणची असा प्रक्रिया केलेला माल असेल, तर अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांकही द्यावा.

चौथे कारण वाढत जाणाऱ्या भावाचे आहे. पानावर पेटीचा एक भाव लिहिलेला असतो आणि शेवटच्या पायरीवर पॅकिंग, वाहतूक व इतर आकार मिळून वेगळीच रक्कम समोर येते. ग्राहकाला फसविल्यासारखे वाटते आणि तो परततो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी पद्धत अनुचित ठरते. “आता दोनच पेट्या शिल्लक” अशी खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू यादीत घालणे, हेही त्याच सूचनांत निषिद्ध आहे. म्हणून घरपोच मिळून पडणारी एकूण किंमत आरंभीच सांगावी. ती पाहून जो परततो, तो शेवटीही परतणारच होता. पण जो थांबतो, तो निश्चिंत मनाने थांबतो.

अर्ज लहान असावा

मागणीच्या अर्जात नाव, पत्ता, पिनकोड, दूरध्वनी क्रमांक आणि पेट्यांची संख्या एवढे पुरे. जन्मतारीख, व्यवसाय, नवे खाते, परवलीचा शब्द असले काही विचारू नये. पिनकोड प्रथम विचारावा, म्हणजे जेथे आपण माल पाठवू शकत नाही तेथील ग्राहकास पुढचे श्रम पडत नाहीत.

पैसे भरण्यास यूपीआयची सोय अवश्य ठेवावी. नवा ग्राहक आगाऊ रक्कम देण्यास कचरतो. त्याला प्रथम एक डझनाची लहान पेटी घेण्याची मुभा द्यावी. येथे विक्रेत्यानेही सावध राहिले पाहिजे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. “पैसे पाठवितो, कोड स्कॅन करून पिन टाका” असे सांगणारा ग्राहक नसून भामटा आहे, हे गटातील प्रत्येक सभासदाला समजावून सांगावे.

पैसे मिळताच पोच द्यावी. दूरध्वनीवर अथवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या चौकशीस त्याच दिवशी उत्तर जावे. बागायतदार दिवसभर बागेत असतो, ही अडचण खरी आहे. म्हणून घरातील एका व्यक्तीने सकाळी व संध्याकाळी ठरावीक वेळी उत्तरे देण्याचे काम अंगावर घ्यावे आणि ती वेळ संकेतस्थळावर लिहून ठेवावी.

माल पोचण्याची एकच तारीख देण्यापेक्षा “अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यान” असे सांगणे बरे. अवकाळी पाऊस वा ढगाळ हवेने तोडणी लांबली, तर ग्राहकाने विचारण्यापूर्वी आपणच कळवावे. तोडणी संपली की मागणी घेणे बंद करावे. जो माल नाही त्याचे पैसे घेऊ नयेत.

शेजारी बसून पाहा

ग्राहक कोठे अडतो हे जाणण्याचा एक बिनखर्ची उपाय आहे. पुण्यामुंबईकडचा भाचा, मेहुणी किंवा शेजाऱ्यांचा पाहुणा गावी आला की त्याच्या हाती त्याचाच मोबाइल देऊन सांगावे, “आमच्या संकेतस्थळावरून एक पेटी मागवून दाखव.” मग शेजारी बसून निमूटपणे पाहावे. कोणते बटण दाबावे हे सांगू नये. तो कोठे थांबला, कोणता शब्द दोनदा वाचला, कोठे वैतागला, एवढेच टिपावे. अशा पाच जणांना पाहिले, तर मोठे दोष बहुतेक उघडे पडतात. आपणच तयार केलेल्या पानातील खड्डा आपल्याला दिसत नाही, कारण आपल्याला वाट पाठ असते.

सापडलेल्या दोषांची दुरुस्ती एका वेळी एकच करावी. शेतात खत आणि वाण एकाच वेळी बदलले, तर वाढलेले उत्पन्न कशाचे हे कळत नाही. येथेही तसेच आहे. आज अर्ज लहान केला, तर काही दिवस बाकी सर्व तसेच ठेवून मोजणी करावी. मात्र अल्प आकड्यांवरून अनुमान काढू नये. मागील आठवड्यात तीन मागण्या आल्या व या आठवड्यात पाच, एवढ्यावरून सुधारणा झाली असे म्हणता येत नाही. एखादा सणही त्याचे कारण असू शकेल. आंब्याचा हंगाम थोडक्या आठवड्यांचा असल्याने ही परीक्षा हंगामाच्या ऐन भरात आरंभू नये. मोहोर येण्याच्या सुमारास संकेतस्थळ तपासून घ्यावे, म्हणजे पहिली पेटी निघेपर्यंत वाट मोकळी झालेली असते.

जुना ग्राहक हीच बियाण्याची रास

पेटीसोबत एक चिठ्ठी ठेवावी. पेटी येताच उघडावी, फळे हवेशीर जागी पसरून ठेवावीत, पूर्ण पिकेपर्यंत शीतकपाटात ठेवू नयेत, अशा सूचना तीत असाव्यात. पुष्कळ तक्रारींचे मूळ फळात नसून साठवणीत असते. आठवड्याने “आंबा कसा निघाला?” असे विचारावे. चांगला अभिप्राय मिळाल्यास, त्या ग्राहकाच्या अनुमतीने तो संकेतस्थळावर द्यावा. स्वतः रचून लिहू नये. तक्रार आल्यास वाद न घालता ती निवारावी. संमती देणाऱ्या ग्राहकांची यादी जपून ठेवावी आणि पुढील मोहोराच्या वेळी त्यांना प्रथम कळवावे. एकदा समाधान पावलेला ग्राहक परत आणण्यास जाहिरातीचा खर्च लागत नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. गावातील ज्या उत्पादकांची संकेतस्थळे आहेत, त्यांना एका संध्याकाळी एकत्र बोलवावे. प्रत्येकाने दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून मागणी नोंदवून पाहावी आणि अडचणी लिहून द्याव्यात. दोन तासांच्या या बैठकीसाठी एक फळा, एक वही आणि प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल एवढे साहित्य पुरते.

शंभर दाण्यांतून सत्तर उगवावेत अशी अपेक्षा येथे धरता येणार नाही. पाहून जाणाऱ्यांची संख्या विकत घेणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी राहील. आठवडी बाजारातही तसेच असते. परंतु ज्याला आपला माल हवा होता, तो केवळ भाव नीट न कळल्याने, अर्ज लांबल्याने किंवा फोन न उचलल्याने परतला, तर ते नुकसान टाळता येण्याजोगे होते. फळ झाडावर तयार होत असते आणि हंगाम थांबत नाही. म्हणून बागेची साफसफाई करतो तेव्हाच संकेतस्थळाचीही तपासणी उरकून घ्यावी.