पुढारी पाहुणा होतो तेव्हा

समजा, नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटच्या एखाद्या युवक मंडळाच्या अध्यक्षाची परदेशी युवा आदानप्रदान कार्यक्रमासाठी निवड झाली. गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. रक्तदान शिबिर असो, गणपतीची वर्गणी असो की ग्रामसभेतला पाण्याचा वाद, माइक त्याच्याच हाती. तोच माणूस जपानमधल्या एका घरी मुक्कामाला जातो आणि आंघोळ कशी करायची, हे त्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं.

तिथली रीतच न्यारी. अंग आधी टबाबाहेर बसून साबणाने स्वच्छ धुवायचं. मग गरम पाण्याच्या टबात नुसतं निवांत बसायचं. तेच पाणी घरातली सगळी माणसं पाळीपाळीने वापरतात आणि पाहुण्याला बहुधा पहिला मान मिळतो. आपल्या पाहुण्याने सवयीप्रमाणे पाणी सोडून दिलं, की मागच्या सगळ्यांची आंघोळ वाहून गेली!

गंमत अशी, की अशा कार्यक्रमांचा खरा अभ्यासक्रम हाच असतो.

सुरुवात शरीरापासून होते. टोकियोत सकाळचे 9 वाजतात तेव्हा कोरीटला पहाटेचे साडेपाच. आपल्या मेंदूच्या तळाशी सुमारे 20,000 चेतापेशींचा एक इवलासा पुंजका आहे. अंगातले दिवस-रात्र तो सांभाळतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो आपली वेळ लावून घेतो, पण दिवसाला साधारण तासाभरानेच सरकतो. म्हणजे पाहुण्याचे पाय टोकियोत असतात, झोप मात्र तीन-चार दिवस तापीकाठीच!

मनाला याहून जास्त वेळ लागतो. 1955 साली नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट अनुदानावर अमेरिकेत राहून आलेल्या 200 देशबांधवांचा अभ्यास केला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले खुशीत होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही रुळलेले. कोमेजले होते ते मधले. आधी नवलाई, मग उदासी, मग रुळणं. त्याचा आलेख काढला तर इंग्रजी यू अक्षर दिसतं. पुढच्या अभ्यासांत मात्र सगळेच या आलेखात बसले नाहीत. काहींना तर पहिले दिवसच सर्वांत जड गेले.

मग एवढा खटाटोप कशाला? याचं एक उत्तर गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली दिलं. दोन गटांची माणसं नुसती समोरासमोर आली म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरच्यांचा या सगळ्याला पाठिंबा हवा. पुढे 2006 साली पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी 515 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सहवासाने पूर्वग्रह कमी होतात असंच बहुतेक ठिकाणी आढळलं. ऑलपोर्टच्या अटी पाळल्या होत्या तिथे तर अधिकच.

जपान सरकारचा ‘शिप फॉर वर्ल्ड यूथ’ हा कार्यक्रम या अटींसाठीच बेतल्यासारखा वाटतो. 1988 साली तो सुरू झाला. भारतातले तरुणही त्यात गेले आहेत. जहाजावर वेगवेगळ्या देशांच्या तरुणांना एकाच केबिनमध्ये ठेवतात. दिवसभर चर्चा आणि गटांची कामं, रात्री तीच माणसं शेजारच्या बिछान्यावर. भांडण झालं तरी जाणार कुठे? चहूकडे समुद्र!

महाराष्ट्राला यजमान घराची महती त्याच्या शंभर वर्षं आधीच कळली होती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना त्यांनी एक मासिक चाळलं. त्यात आनंदीबाई जोशींच्या शिक्षणाविषयीचा पत्रव्यवहार छापला होता. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई त्यांच्याच घरी जाऊन उतरल्या. निवड समिती नाही, कार्यक्रम नाही. नातं मात्र मावशी-भाचीचं जडलं. 1886 साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या, 1887 साली पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. परक्या घराने याहून जास्त काय आपलं मानायचं?

प्रवासाचा सर्वांत अवघड टप्पा मात्र परतल्यावर येतो. 1963 साली गलाहॉर्न आडनावाच्या दोघा संशोधकांनी दाखवलं, की घरी आल्यावर मन पुन्हा एकदा खाली जातं. एका यूला दुसरा यू जोडला जातो. गाव होतं तसंच असतं, बदललेला असतो तो आपला अध्यक्ष. चार दिवस फोटो बघून झाले, की त्याचं ऐकायला कुणाला सवड नसते.

पण याच टप्प्यावर तो शिकलेलं कामी आणू शकतो. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातले सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. घरात भिली किंवा पावरी बोलणारं पोर पहिलीत येतं, तेव्हा फळ्यावर मराठी असते. इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा दवाखान्यातला कागद त्यांच्या भाषेत नसतो. हे सगळं आपल्या अध्यक्षाने आधीही पाहिलं होतं, पण माइक हातात धरून. आता आपल्याला काहीच कळत नाही आणि समोरचा हसतोय, म्हणजे नेमकं काय होतं, हे त्याने स्वतः अनुभवलंय. पुढच्या ग्रामसभेत जपानच्या बुलेट ट्रेनचं वर्णन ऐकायला गर्दी होईलच. पण त्याच सभेत मागे गप्प बसलेल्या बाईला त्याने तिच्या बोलीत प्रश्न विचारला, तर विमानाचं भाडं वसूल झालं म्हणायचं.