चुकांची साक्ष

परीक्षेत शेजारी बसलेल्या दोघा विद्यार्थ्यांची दहा उत्तरे जुळली, तर त्यांनी नक्कल केली असे म्हणावे काय? ती उत्तरे बरोबर असतील, तर मुळीच म्हणू नये. दोघांनीही अभ्यास केला असेल. परंतु चुकण्याच्या वाटा अनेक असतात. म्हणून संख्याशास्त्रज्ञ अशा प्रसंगी चुकांची साक्ष अधिक मोलाची मानतात.

प्रत्येक प्रश्नास चार पर्याय आहेत व त्यांतील तीन चूक आहेत, असे आपण समजू. दोघेही केवळ अंदाजाने चुकले, तर दोघांची चूक एकच असण्याचा संभव तिनांत एक. अशा दहाही चुका जुळण्याचा संभव ५९,०४९ मध्ये अवघा एक! मात्र एखादा चुकीचा पर्याय बहुतेकांना भुलवितो. तेव्हा इतर विद्यार्थी कोठे चुकले, हेही पाहावे लागते.

हीच दृष्टी शिकागो शहरात उपयोगी पडली. तेथे १९९६ पासून विद्यार्थ्यांची वरच्या वर्गातील बढती आणि शाळांचे भवितव्य परीक्षेच्या गुणांशी बांधले गेले. परिणामी, काही शिक्षकच उत्तरपत्रिकांत फेरफार करू लागले! ब्रायन जेकब व स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी दोन खुणा शोधल्या : वर्गातील अनेक मुलांच्या उत्तरांत आढळणारी एकसारखी मालिका, आणि एका वर्षी एकाएकी चढून पुढील वर्षी कोसळणारे गुण. दरवर्षी निदान चार ते पाच टक्के प्राथमिक वर्गांत हा गैरप्रकार होत असावा, असे अनुमान त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले.

परंतु संशय म्हणजे अपराध नव्हे. म्हणून २००२ साली सुमारे १२० वर्गांची फेरपरीक्षा कडक देखरेखीखाली घेण्यात आली. संशयित वर्गांचे गुण धाडकन उतरले. मात्र काही वर्गांचे गुण पुष्कळ वाढूनही त्यांच्या उत्तरांत संशयास्पद मालिका नव्हती; त्यांची प्रगती फेरपरीक्षेतही टिकली. ज्या शास्त्राने लबाडी उघडकीस आणली, त्यानेच प्रामाणिक शिक्षकांच्या श्रमांची ग्वाही दिली.

आम्हांस या हकिकतीतील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आकडा बोट दाखवितो. निवाडा मात्र माणसानेच, दुसरी बाजू ऐकून, करावयाचा असतो. आणि विद्यार्थिमित्रहो, स्वतःच्या बुद्धीने केलेली चूक आपली असते, तिच्यातून शिकता येते. उसनी घेतलेली चूक मात्र काहीच शिकवीत नाही. ती फक्त साक्ष देते!