जास्वंदीची काडी

कर्जत तालुक्यात भीमेच्या काठी सिद्धटेक आहे. अष्टविनायकांपैकी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात असलेला हा एकच गणपती. गणपतीला तांबडी जास्वंद वाहतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण विद्यार्थी मित्रांनो, या तांबड्या जास्वंदीचे बी तुम्ही कधी पाहिले आहे का? आजीला विचारा, शेजारच्या काकांना विचारा. बहुतेकांचे उत्तर एकच येईल, "नाही बुवा!"

मग दारोदार ही झुडपे आली कोठून?

एक फूल हातात घेऊन नीट पाहा. पाच पाकळ्यांच्या मधून एक लांब नळी बाहेर आलेली दिसते. पुंकेसर एकत्र जुळून ही नळी झाली आहे. तिच्यावर पिवळे परागकण आहेत आणि टोकाला कुक्षीचे पाच ठिपके. म्हणजे बी तयार होण्याची सारी सामग्री आहे! तरीही फूल बहुधा एका दिवसात कोमेजते आणि गळून पडते. याचे एक कारण पेशींच्या आत आहे. बागेतल्या बऱ्याच जास्वंदींमध्ये गुणसूत्रांचे दोनापेक्षा जास्त संच असतात. परागकण आणि बीजांडे तयार होताना त्यांची वाटणी नीट होत नाही, म्हणून बी क्वचितच धरते. ही जास्वंद रानात आपोआप उगवलेली आढळत नाही. माणसाने काडी लावली, म्हणून ती टिकली.

काडीला मुळे फुटतात तरी कशी? साल आणि लाकूड यांच्यामध्ये पेशींचा एक पातळ थर असतो. या पेशी विभागू शकतात. शेंड्याकडच्या कोवळ्या भागात आणि पानांत ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते खोडातून खाली उतरते. काडी कापली की त्याची वाट बंद होते आणि ते कापाजवळ साठते. तेथील पेशींना जणू हुकूम मिळतो, 'मुळे तयार करा!' मूळ नसलेल्या जागी फुटणाऱ्या या मुळांना आगंतुक मुळे म्हणतात. ऑक्झिनमुळे मुळे फुटतात, हे १९३० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आज रोपवाटिकेत काडीला लावतात ती पावडर याच जातीच्या द्रव्याची असते. जास्वंदीचे काम मात्र तिच्यावाचूनही भागते.

चला तर, काडी लावू या. पावसाळ्याच्या सुरुवातीला हवा दमट असते, तेव्हा हे काम करावे. पेन्सिलीएवढी जाड, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी निवडा. धारदार चाकूने १५ ते २० सें.मी. लांबीचा तुकडा घ्या. खालचा काप पेराच्या लगेच खाली द्या. खालची पाने काढा. वरची दोन पाने ठेवा, पण तीही अर्धी कापा. का बरे? काडीला अजून मुळे नाहीत. पानांतून बाष्पोच्छ्वास चालूच राहिला, तर गेलेले पाणी भरून कसे निघणार? सगळीच पाने काढली, तर अन्न कोण तयार करणार? म्हणून हा मधला मार्ग.

दोन पेरे मातीत जातील अशी काडी खोचा, आणि खालचे टोक खालीच राहू द्या. सावलीत ठेवा, माती ओलसर राखा. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. तोवर काडी उपटून पाहण्याचा मोह टाळा!

माती कोणती घ्यावी? जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी काळी जमीन आहे. ती पाणी धरून ठेवते, पण भिजली की तिच्यात हवा खेळत नाही आणि काप कुजतो. हे खरे की खोटे, ते तुम्हीच पडताळा. दहा काड्या नदीच्या वाळूत आणि दहा काड्या नुसत्या काळ्या मातीत लावा. झाड, काडीची जाडी, सावली आणि पाणी घालण्याची वेळ दोन्हींकडे सारखी ठेवा. दर आठवड्याला वहीत नोंद करा. सहा आठवड्यांनी दोन्हींकडच्या मुळे फुटलेल्या काड्या मोजा. मुळे धरलेली रोपे मग शेणखत मिसळलेल्या मातीत हलवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एका झाडाच्या सगळ्या काड्या म्हणजे तेच झाड! गुण तेच आणि उणिवाही त्याच. एकाला जो रोग बाधतो, तो इतरांनाही तसाच बाधू शकतो. म्हणून पिठ्या ढेकूण लागलेल्या झाडाची काडी घेऊ नका. तांबडीबरोबर पांढरी, पिवळी, दुहेरी पाकळ्यांची, अशा वेगवेगळ्या जास्वंदी लावा.

अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला, तर आपल्या जिल्ह्यात पाऊस कमीच. १९७२ सारखा दुष्काळ पडला आणि विहिरी आटल्या, तर पिण्याच्या पाण्यातून झाडाला वाटा कोण देणार? बी ठेवणारे झाड वाळले, तरी बी मातीत वाट पाहत राहते. जास्वंदीला ती सोय नाही. तुमच्या आजीच्या दारातली जुनी जास्वंद वाळली आणि तिची काडी दुसरीकडे कोठेही नसली, तर ती जास्वंद कायमची गेली. म्हणून रोप तयार झाले की एक आपल्या दारी लावा, एक शाळेत लावा आणि एक शेजाऱ्याला द्या. एखाद्या वर्षी तुमचे झाड वाळले, तर काडी मागायला त्याच्याच दारी जाता येईल.