पित्ताचा खडा नळीत अडकला, तर ती कावीळ ‘उतरवून’ जात नाही

लग्नाची पंगत किंवा मटणाचं जेवण झालं, की तास-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ येते. ती पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत जाते, उलट्या होतात. घरात सगळे म्हणतात, ‘पित्त झालंय’. गोळी-सोड्यावर रात्र निघते. असं तीन-चारदा झालं, की कुणीतरी सोनोग्राफी करायला सांगतं आणि रिपोर्टात पित्ताशयात खडे निघतात.

आपण ज्याला रोज ‘पित्त’ म्हणतो ती बहुतेक वेळा जठरातली आम्लता असते. खरं पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. त्यातलं काही पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतं, आटून घट्ट होतं आणि जेवल्यावर पित्तनलिकेतून आतड्यात उतरतं. पिशवीतच खडे धरले, की तेलकट जेवणानंतर ती आवळते आणि कळ उठते.

इथेच मुतखड्याशी गल्लत होते. मुतखडा बारीक असला तर भरपूर पाणी पिऊन लघवीवाटे पडू शकतो. पित्ताच्या खड्याला ही वाट नाही. उलट बारीक खडाच जास्त त्रास देतो, कारण तो पिशवीतून घसरून नळीत उतरतो. पित्ताशयात खडे असलेल्या १०० जणांपैकी साधारण १० ते १५ जणांच्या नळीतही खडा सापडतो. याच नळीच्या तोंडाशी स्वादुपिंडाची नळी येऊन मिळते. त्यामुळे तिथे अडकलेला खडा स्वादुपिंडाला सूज आणू शकतो, आणि ती सूज जिवावर बेतू शकते.

नळी बंद झाली की पित्त रक्तात चढतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, संडास पांढुरकी होते, अंगाला खाज सुटते. म्हणजे कावीळच. मग गावोगावी ठरलेलं असतं ते होतं: कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी नाकात औषधाचे थेंब सोडतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी ‘उतरवून’ दाखवतं. दूषित पाण्यातून होणारी विषाणूची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे माळेला श्रेय मिळतं. अडकलेला खडा मात्र माळेने हलत नाही. काविळीसोबत पोटदुखी आणि थंडी वाजून ताप आला, तर तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले असं समजावं. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्यावं. उशीर झाला तर जंतू रक्तात पसरतात.

सोनोग्राफीत पिशवीतले खडे सहसा दिसतात, पण आतड्यातल्या हवेमुळे नळीतला खडा पुष्कळदा लपतो. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि गरज वाटल्यास एमआरसीपी करतात.

उपचार बहुधा दोन टप्प्यांत होतो. आधी ईआरसीपी: तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नळीचं तोंड थोडं कापतात आणि खडा बाहेर ओढतात. पोटावर चिरा नसतो, पण जोखीम असते. १०० पैकी ५ जणांच्या आसपास स्वादुपिंडाला सूज येते. नंतर पित्ताशय काढतात. खूप मोठा खडा असेल किंवा ईआरसीपी जमली नाही, तर ऑपरेशन करूनच नळी उघडतात.

‘नुसते खडे काढा, पिशवी राहू द्या,’ असा आग्रह नातेवाईक हमखास धरतात. पण पिशवी ठेवली तर पुन्हा खडे धरू शकतात. पिशवीवाचून पचन अडत नाही. पित्त यकृतातून थेट आतड्यात येतं, काहींना थोडे दिवस पातळ संडास होते एवढंच. हे ऑपरेशन आता चार छोट्या छिद्रांतून होतं. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेम्टन उदवाडिया यांनी ते भारतात पहिल्यांदा केलं. बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पोतं, हंडा उचलायला मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

काहीच त्रास नसताना सोनोग्राफीत सहज दिसलेल्या खड्यांसाठी मात्र बहुतेकांना ऑपरेशनची घाई नसते, हेही तितकंच खरं.

ईआरसीपीत नळीत प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट बसवला असेल, तर ती साधारण तीन महिन्यांत काढावी किंवा बदलावी लागते. दुखणं थांबतं, कामं निघतात आणि स्टेंट आतच राहतो. मग तो तुंबतो, आणि ताप-कावीळ पुन्हा सुरू होते. स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं, हे भरती होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावं. ईआरसीपी आणि ऑपरेशन, दोन्हींचं वेगवेगळं विचारावं.